आजोळ शिवलेली कवंदी

मित्रांनो, आयुष्याचा मोठा भाग पेटीच्या काळोखात काढलेली मी एक जुनी कवंदी आहे. तुम्ही मला चिंध्यांची गोधडी म्हणाल. यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी वस्तीत माझा जन्म झाला.

मला शिवलं रेजिनानं. तिची लेक साबिना दूर हुबळीला नांदत होती, तिला दिवस गेले होते. नातवाला आजोळ पांघरता यावं म्हणून रेजिनानं आजोळच शिवायला घेतलं. आमच्याकडे कवंदी काठापासून शिवत शिवत आत जातात. आधी हिरव्या झंपरांचं रान आलं, मग पिवळ्या लुगड्याचं भात, मग नवऱ्याच्या निळ्या लुंगीचा ओढा, आणि मधोमध लाल कौलांचं घर.

शेजारची आंजेलीन ओसरीवर येऊन टेकायची.

"रेजिने, ओढा वाकडा गेलाय गे."

"ओढाच वाकडा आहे. तू काय झोपेत पाणी भरतेस?"

"आणि मासे कुठायत?"

"ते नातवानं पकडून नेले."

दोघी हसायच्या, आणि त्या हसण्यात माझा एखादा टाका सैल पडायचा.

राहिली होती फक्त फुलं. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावली नाहीत तर कवंदी उघडी समजतात. तशी ती कुणाला देत नाहीत. रेजिना पहिलं फूल दुमडत होती, तेव्हा निरोप आला. बाळ जन्मलं, पण रडलं नाही.

तिनं मला पेटीच्या तळाशी घातलं.

साबिना माहेरी आली. चुलीपाशी बसून तिनं विचारलं, "आई, बाळासाठी कवंदी शिवली होतीस?"

"नाही गे बाय. सवड कुठं मिळाली?"

मला पाहून लेक पुन्हा कोसळेल, अशी भीती तिला वाटली असावी. पण साबिनाच्या मनानं वेगळंच धरलं: माझ्या बाळाची इथं कुणी वाटच पाहिली नाही. पुढं ती सणावाराला यायची ती पाहुण्यासारखी. तिची पाठ वळली की रेजिना मला काढायची, ओढ्यावरून हात फिरवायची, पुन्हा ठेवायची. माझ्या रानात कसर शिरली.

मग रेजिना गेली. माती देऊन आल्यावर साबिनानं पेटी उघडली.

"मावशी, ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुझ्या बाळाची," आंजेलीन म्हणाली.

"ती तर म्हणाली, शिवलीच नाही."

"तुला त्रास नको म्हणून म्हणाली असेल. मी मिरच्या मागायला आले तरी म्हणायची, थांब गे, नातवाचं घर शाकारतेय."

साबिनानं मला मांडीवर घेतलं, लहान मूल घेतात तसं. आईच्या लुगड्याची फुलं तिनंच दुमडली, तिनंच लावली. टाके वाकडेतिकडे आले.

मित्रांनो, जुन्या कवंदीला ऊन दाखवा, कसरीपासून जपा. पण एवढंही ऐका. ज्याच्या घरी दुःख झालं, त्याच्यापासून आपली माया लपवू नका. तुझ्यासारखी आम्हीही वाट पाहत होतो, हे त्याला वेळेवर कळू द्या. साबिनाला ते कळलं, तेव्हा "आई" अशी हाक मारावी, तर ओ द्यायला घरात कुणी नव्हतं.