तांबडा नाडा

"वैनी, हा नाडा कुनी बांधला?" भिवाजीने विचारले आणि खिशातून चाकू काढला.

"मीच बांधला की! खंडेनवमीला समदी हत्यारं पुजली, मंग ह्याला कसं वगळायचं?" लिलाबाई म्हणाली.

मारुंजीतल्या तिच्या खानावळीत आग विझवायचे लाल नळकांडे दाराशीच टांगलेले होते. लिलाबाईने त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती आणि माळ घसरू नये म्हणून वरच्या पिनेला नाड्याच्या चांगल्या पाच गाठी मारल्या होत्या.

"अवो, पिन वढल्याबिगर पावडर भायेर येत न्हाई. गाठी सोडंस्तोवर खानावळीची राख व्हईल!"

"पूजेचा हाय, कापू नगा भाऊजी."

त्याने ऐकले नाही. नाडा कचकन कापला आणि खिशात टाकला. लिलाबाईचे तोंड उतरले. वर त्याने दरवर्षीप्रमाणे तिच्याकडून धडाही वदवून घेतला: पिन ओढायची, नळी जाळाच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची, झाडू मारल्यासारखी फिरवायची. तिने तो फणकाऱ्यातच म्हणून दाखवला.

भिवाजी भरे गावचा. सव्वीस वर्षे तो एका एजन्सीसाठी कारखान्यांतली, दुकानांतली नळकांडी भरत आला होता. मालकांना परवान्यापुरती तपासणीची चिठ्ठी हवी असे. धडा ऐकायला कुणाला सवड नसे. आणि गंमत बघा, आपण भरलेले एकही नळकांडे खऱ्या आगीवर चाललेले त्याने पाहिले नव्हते. मुदत संपली की जुनी पावडर ओतायची, नवी भरायची. बायको रत्नाबाई चिडवायची, "हितली पावडर काढून तितं घालायची, ह्येच तुमचं काम!" तो हसून सोडून द्यायचा. पण पुढच्या महिन्यात काम सुटणार होते आणि जन्मभर आपण नुसत्या चिठ्ठ्याच लटकवल्या की काय, हा विचार त्याला आतून खात होता.

चिठ्ठीवर तारीख घालतोय तोच आतून लिलाबाईची सून सोनल किंचाळली. शेगडीच्या गॅसनळीने पेट घेतला होता. जाळ भसकन वर गेला. सिलिंडरपर्यंत तिचा हात पोचेना. सव्वीस वर्षे धडा शिकवणारा भिवाजी मात्र पेन हातात धरून जागच्या जागी थिजला.

लिलाबाई धावली. तिने नळकांडे उचलले, पिन ओढली, नळी जाळाच्या बुडाशी धरली, मूठ दाबली आणि अंगण झाडावे तशी फिरवली. पांढरा लोट उसळला. जाळ बसताच सोनलने झडप घालून रेग्युलेटर बंद केला. चार श्वासांत सगळे संपले.

भिवाजी बघतच राहिला. भाकऱ्यांच्या टोपलीवर, ताटांवर, लिलाबाईच्या केसांवर ती पावडर अलगद उतरत होती. हीच का ती, आपण रोज नरसाळ्याने भरतो ती? त्याला भरून आले. देवळात गेल्यासारख्या त्याने नकळत चपला काढल्या.

"असं काय बघताय भाऊजी?" लिलाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "तुमीच तर शिकिवलंत."

"आज पयल्यांदा पायलं, वैनी," तो म्हणाला.

त्याने गाडीवरचे दुसरे भरलेले नळकांडे दाराशी टांगले, पिन दोनदा तपासली. मग रिकामे उचलले. ते केवढे हलके लागले! खिशातला तांबडा नाडा काढून त्याने त्याच्या मुठीला बांधला, गाठ नीट बसवली आणि ते गाडीवर पुढ्यात उभे केले.

माल एजन्सीत जमा करायचा होता. तो नंतर करता आला असता. भिवाजीने गाडी भऱ्याकडे वळवली, रत्नाबाईला दाखवायला.