आत कलप, बाहेर काजळी

मी टोपी बोलतेय. हो, तीच. पांढरी, खळ घातलेली, कडक इस्त्रीची. या मुलखात माझ्या नावावर जेवढ्या लबाड्या खपतात तेवढ्या कुणाच्याच खपत नसतील. कुणी फसवलं की ‘टोपी घातली’, चेष्टा केली की ‘टोपी उडवली’, बाजू बदलली की ‘टोपी फिरवली’. करायचं माणसांनी आणि नाव माझं! यातली शेवटची गोष्ट माझ्या बाबतीत खरोखर घडली, म्हणून तर आज तोंड उघडलंय.

माझा जन्म दौंडच्या बाजारातला, एका शिंप्याच्या पायमशीनवरचा. आण्णांनी पाच टोप्या चाचपून बाजूला ठेवल्या आणि मला उचललं. आण्णा म्हणजे भीमेकाठच्या आमच्या गावातलं वजनदार माणूस. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, आण्णांनी ऊस लावला. शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. साखरपुडा असो, सप्ता असो की सभा, आण्णांच्या डोक्यावर मी असायचेच.

आता एक गुपित सांगते. साठी उलटली तरी आण्णांचे केस काळेभोर. “आमच्या खानदानात केस पिकतच न्हाईत,” असं ते चारचौघांत सांगायचे. खानदान कसलं डोंबलाचं! महिन्यातून एकदा न्हाणीचं दार लावून कलप चालायचा आणि त्याचा काळा पट्टा माझ्या आतल्या बाजूला उमटायचा. सगुणाबाई, म्हणजे आण्णांच्या मालकीणबाई, मला घासघास घासायच्या, नीळ घालायच्या. बाहेरून मी बगळ्यासारखी व्हायचे, पण आतला पट्टा काही हटायचा नाही. कलपाच्या पुड्या दौंडहून आणून द्यायचा हौसराव, आण्णांचा जिवलग दोस्त. या तिघांशिवाय चौथ्याला पत्ता नव्हता.

याच हौसरावनं दोन हजार दोन साली शाळेच्या कुंपणाला लागून गुऱ्हाळ टाकलं. नारळ आण्णांनीच फोडला. पहिल्या वर्षी चुलाणात उसाची चिपाडं जळली. मग हौसरावला जुन्या टायरांचा आणि फाटक्या चपलांचा शोध लागला. त्यांचे ट्रकच्या ट्रक भरून यायचे. ताजी काकवी वरच्या आळीला, आणि टायरचा धूर शाळेला व शाळेमागच्या बौद्धवस्तीला. वाटणी अगदी चोख!

वस्तीतल्या चांगुणाबाई दोनदा तक्रार घेऊन आल्या. दोन्ही वेळा मी आण्णांच्या डोक्यावरच होते.

“आण्णा, पोरं खोकून खोकून बेजार झाल्याती. तुम्ही शाळंचं अध्यक्ष हाय म्हून आले.”

“चांगुणा, गुऱ्हाळ म्हटलं की धूर निघायचाच,” आण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले. “लक्ष्मीचा धूर हाय त्यो.”

मला लाज वाटली. पण टोपीला कोण विचारतो?

आण्णांची नात अंकिता आठवीत होती. वाऱ्यासारखी पळायची. तिची जोडीदारीण चांगुणाबाईंची मोनाली. दोघींची तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला निवड झाली होती. पण त्या हिवाळ्यात दुसऱ्या फेरीलाच अंकिता छाती धरून खाली बसायला लागली. सगुणाबाई म्हणाल्या, पोरीला दृष्ट लागली. त्यांनी मीठमिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मग काय विचारता! अंकिता खोकली, आण्णा खोकले, ओसरीवरचं कुत्रंसुद्धा शिंकत पळालं. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “छातीत धूर गेलाय. असंच चाललं तर पळणं विसरा.” आण्णांनी घरी येऊन सगळा दोष बोरांवर ढकलला.

शाळेत विज्ञानाच्या साधनाबाई होत्या. त्या मुलींना म्हणाल्या, “एक पांढरं फडकं आठ दिवस खिडकीत टांगा. हवेत काय आहे ते डोळ्यांनी बघा.”

“फडकं काळं झालं तर कोण बघंल?” अंकिता म्हणाली. “आण्णांची टोपी काळी झाली तर सगळं गाव बघंल.”

आणि कार्टीनं मला खुंटीवरून पळवलं! आठ दिवस मी शाळेच्या गजाला लटकत होते. तो वास, ती चिकट काजळी! इकडे आण्णांनी घर उलथंपालथं केलं, माकडांना शिव्या घातल्या आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून हिंडले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मोनालीनं मला उंच धरलं. “ही टोपी पांढरी हुती. आठ दिवसांत अशी झाली. आमी रोज हेच छातीत घेतो.”

सभेतल्या माना उंचावल्या. हौसराव मात्र बेरकी. त्यानं मला हातात घेतलं, हळूच कड दुमडून आतला पट्टा पाहिला आणि गालात हसला.

“ही तर आण्णांची टोपी! आण्णा, तुम्हीच सांगा सभेला. ह्यो काळा रंग माझ्या धुराड्याचा, का आनिक कशाचा?”

बघा डाव! आण्णा गप्प बसले तर पोरी खोट्या ठरणार. बोलले तर साठ वर्षांचं खानदान उघडं पडणार. आण्णांचा हात आपोआप केसांकडे गेला. लोक कुजबुजायला लागले. मला वाटलं, संपलं, हा माणूस काही बोलत नाही.

तेवढ्यात अंकिताला उबळ आली. थांबेचना. चांगुणाबाई तिची पाठ चोळत होत्या आणि मोनाली पाण्याला पळाली. आण्णा बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी मला हौसरावच्या हातातून ओढून घेतलं.

“आतला पट्टा कलपाचा हाय,” ते म्हणाले. “दोन वर्सं लावतोय.”

बायकांतून सगुणाबाईंचा आवाज आला, “दोन? सात वर्सं झाली! घासून घासून माझी बोटं गेली!”

सभा अशी हसली की झाडावरचे पक्षी उडाले. आण्णांनी हसू ओसरू दिलं.

“ऐकलं न्हवं? कलप घासून निघत न्हाई. आता बाहेरचा रंग बघू.” त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि हौसरावच्या पांढऱ्या सदऱ्यावर रेघ ओढली. काळी, तेलकट, हातभर रेघ. “ही कुणाची? माझी न्हवं. चांगुणा, दोनदा तू माझ्या दारात आलीस आन् मी तुला लक्ष्मी शिकवली. चूक माझी हाय.”

“आण्णा, ऐनवेळेला टोपी फिरवली तुम्ही!” हौसराव तडकला.

“फिरवली!” म्हणत आण्णांनी मला खरोखरच उलटी केली आणि कलपाचा पट्टा जगाला दाखवत डोक्यावर चढवली. तशीच घालून ते घरापर्यंत चालत गेले. आयुष्यात एवढी ताठ मी खळ घालूनही कधी बसले नव्हते.

ठराव झाला. टायर बंद, चपला बंद. हौसराव महिनाभर फुगून बसला, मग मुकाट चिपाडं जाळायला लागला. अंकिता त्या वर्षी पळू शकली नाही. पुढच्या वर्षी पळाली आणि तिसरी आली. मोनाली दुसरी. दोघी शेवटच्या वळणावर भांडत होत्या म्हणे, नाहीतर पहिला नंबर कुठं गेला नव्हता.

आता धुऊन पुन्हा पांढरी झालेली मी शाळेच्या त्याच खिडकीत असते. दर सोमवारी कुणीतरी पोर माझ्यावरून बोट फिरवून बघतं. आण्णांनी कलप सोडला, त्यामुळे हल्ली त्यांचं डोकं माझ्यासारखंच पांढरं दिसतं. जाता-येता ते मला हात करतात.

तुमच्या गावच्या शाळेशेजारी धूर असेल तर घरातली सगळ्यात मानाची टोपी आठ दिवस तिथं टांगा. काळी झाली तर लाजू नका. फिरवा!