मैलभरातली माती

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पेणहून रोह्याकडे जाताना लागतं, तिथे नगरपालिका आहे आणि त्या पालिकेत मी ओव्हरसियर होतो, एवढं पुरे. नाव छापलं तर आमचे अध्यक्ष विष्णुभाऊ त्याचाही सत्कार करून घेतील.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर विष्णुभाऊ मुंबईला तीन दिवसांच्या शिबिराला गेले. विषय होता पर्यावरणपूरक इमारती. एसी हॉटेलात तीन दिवस बसून माणूस निसर्गाच्या इतक्या जवळ जातो, हे मला तोवर माहीत नव्हतं. गेले होते सफारी घालून, आले खादीच्या झब्ब्यात, हातात एक गुळगुळीत पुस्तिका. तिच्यात ठळक छापलं होतं की बांधकामाची माती जागेपासून मैलभराच्या आतली असावी. भट्टी नको, धूर नको, ट्रकचं डिझेल नको. मातीत थोडं सिमेंट मिसळायचं, यंत्रात दाबून ठोकळे पाडायचे आणि वाळवायचे.

कल्पना वाईट नव्हती, चांगली माती असेल तिथे उत्तमच. पण भाऊंना जागा सापडली ती खाडीकाठच्या मिठागर वस्तीतली. तिथे पालिकेची चौथीपर्यंतची शाळा होती, दगडी जोत्याची, कौलारू. थोडी कौलं बदलली असती तर आणखी वीस वर्षं टिकली असती. भाऊंनी ती पाडली, कारण उभ्या शाळेचं उद्घाटन करता येत नाही.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, इथे मैलभरात नुसती खार जमीन आहे. डोंगरपायथ्याची तांबडी माती आणू. सात किलोमीटर आहे फक्त."

"ओव्हरसियर," भाऊ पुस्तिका हलवत म्हणाले, "तुमच्याकडे डिप्लोमा आहे, नेतृत्व नाही. सात किलोमीटर म्हणजे मैल का?"

मी खाडीकाठच्याच मातीचा अंदाज लिहून दिला. माझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर होती आणि ते ती मुद्दाम वरच ठेवत.

ठोकळे वाळत घातले होते तेव्हा काळुराम बघायला आला. चाळीस वर्षं मिठागरावर काढलेला माणूस. एका कोंडीतलं, म्हणजे बांध घातलेल्या चौकोनातलं, पाणी पुढच्या कोंडीत कधी सोडायचं हे तो जिभेवर थेंब घेऊन सांगायचा आणि त्याच्या शब्दावर चाळीस घरं कामाला लागायची. त्याची नात शकू तिसरीत होती. त्याच्या घरात पेन्सिल हातात धरलेली पहिली मुलगी. गावातली दुसरी शाळा हायवेच्या पलीकडे, आणि हायवे ओलांडून वस्तीतलं कुणीही पोरीला पाठवणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

काळुरामने ठोकळ्याचा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"सायब, या मातीन मीठ हाय. पावसाल्यान ही भिंत ऱ्हायाची नाय. मंग आमच्या पोरींच्या शालेचा काय?"

"काळुराम, त्यात सिमेंट आहे, पाच टक्के," भाऊ म्हणाले. शिबिरात ऐकलेला आकडा ते असा सांगत, की पुढे कुणी बोलूच नये.

मे महिन्यात शाळा तयार झाली आणि मुंबईहून पुरस्कार समिती आली, तीन गृहस्थ आणि एक बाई. बाईंनी भिंतीवर हात ठेवला. आत खरंच गार होतं. भाऊंनी नेतृत्वावर चाळीस मिनिटं भाषण केलं. मग मागून काळुराम उठला, टोपी हातात घेतली आणि तेच पुन्हा सांगितलं.

"बाय, खोटा वाटत असल तं चाखून बघा."

भाऊ हसले. नाटकात काम केलेला माणूस, त्यांनी सगळ्यांसमोर बोट ओलं केलं, भिंतीवर घासलं आणि जिभेला लावलं.

"गोड!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

बाई मात्र हुशार होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तांत्रिक माणूस. तुम्ही सांगा."

मीही बोट लावलं. जीभ झोंबली, इतकं मीठ होतं. काळुराम माझ्याकडे अगदी निवांत बघत होता. मिठागरावर चवीबद्दल कुणी खोटं बोलत नाही, एका चुकीच्या शब्दाने सगळ्यांची मेहनत चिखलात जाते. त्यामुळे मी खोटं बोलेन हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं. "मातीची चव आहे."

काळुरामने टोपी घातली आणि खाली बघितलं. तो रागावला असता तर मला सोसलं असतं. पण त्याला माझीच लाज वाटली होती.

पुरस्कार मिळाला आणि पेपरात फोटो आला. त्यात मीही आहे, डावीकडून चौथा.

शाळा सुरू झाली. शाळेच्या शिक्षिका आसावरीबाई यांनी जुलैत पालिकेला पत्र लिहिलं, की भिंतीच्या पायाशी रोज सकाळी पांढरी पूड साचते, आम्ही ती झाडून बादलीत भरतो. भाऊंनी भिंतीला चुना मारायला सांगितलं. मी मारून घेतला. ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी पश्चिमेची भिंत खाली बसली. आत कुणी नव्हतं, याचं श्रेय रविवारला.

भाऊ छत्री घेऊन ढिगाऱ्यासमोर उभे राहिले आणि वार्ताहराला म्हणाले, "बघा, पडली तरी प्रदूषण नाही. मातीची माती झाली." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की पुढच्या महिन्यात रोह्याला 'नगरपालिका आणि हरित नेतृत्व' या विषयावर व्याख्यान देताना त्यांनी ते दोनदा वापरलं. पडद्यावर फोटो मात्र मे महिन्यातले होते.

मिठागर वस्तीची शाळा हायवेपलीकडच्या शाळेत विलीन झाली. मुलगे गेले. मुली राहिल्या. आसावरीबाई महिनाभर घरोघर फिरल्या, मग त्यांची बदली झाली. मला त्याच आठवड्यात बढती मिळाली आणि मी पेढे वाटले, हेही लिहायलाच हवं.

फेब्रुवारीत बांधाच्या रस्त्याचं माप घ्यायला मिठागरावर गेलो. मीठ काढायचं काम जोरात होतं. बायकांच्या रांगेत शकू होती, डोक्यावर मिठाची टोपली. मला बघून ती थांबली. दोन्ही हात टोपलीला होते, त्यामुळे शाळेत पाहुण्यांना करायची तसा नमस्कार तिला करता येईना. तिने नुसती मान हलवली.

"सर, आमची शाला परत कवा बांधनार?"

"होईल गो," मी म्हटलं. "लवकरच होईल."

काळुराम कोंडीच्या कडेला वाकलेला होता. त्याने वरही बघितलं नाही. आवाज चढवला नाही, पोरीला समजावतात तसं म्हणाला,

"चल गो शकू. त्यांना नको इचारू. त्यांना खोटा बोलाला लागतं."

शकूने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती बायकांच्या मागे निघून गेली.