जमाईराजांचं ग्रीस

जावई मुक्कामाला आला की त्याचे हात बांधून ठेवायला हवेत, असं दक्षाचं ठाम मत होतं. नणदेचे यजमान प्रफुल्लकुमार अहमदाबादेत बेअरिंगच्या कंपनीत होते, आणि तेवढ्यावरून जगातल्या प्रत्येक हलत्या वस्तूवर आपला हक्क आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. पेटलादला आल्या दिवशी त्यांनी दाराच्या बिजागऱ्या गप्प केल्या, दुसऱ्या दिवशी पंखा. तिसऱ्या दिवशी नजर गेली सासूबाईंच्या, म्हणजे रेवाबांच्या, झोपाळ्यावर.

"बा, हा का ओरडतो, सांगू?" कुणी विचारलं नव्हतं. "लोखंडाची कडी लोखंडाच्या आकड्यावर घासते. सरळ घसरत नाही. अडकते, सुटते, परत अडकते. त्या हिसक्यांचा हा आवाज. आणि खोबरेल कधी ओतू नका. थंडीत थिजतं, धूळ धरतं. आधी गंज घासायचा, मग ग्रीस. चिमूटभर!"

चिमूटभर ग्रीस आणि पोतंभर बडबड, दक्षा मनात म्हणाली.

"राहू द्या ना, कुमार," रेवाबा म्हणाल्या. "सवय झालीय."

"वाईट सवयी मोडायच्या असतात, बा!"

जमाईराजांना दुसऱ्यांदा नाही कोण म्हणणार? अर्ध्या तासात झोपाळा मुका झाला आणि दक्षाची पंचाईत झाली.

कारण ती कुरकुर म्हणजे तिचा पहारा होता. दुपारी पुरुष दुकानात असत, रेवाबा झोपाळ्यावर. कुरकुर चालू आहे तोवर दक्षा स्वयंपाकघरात तलाठी भरतीचं पुस्तक वाचायची. कुरकुर थांबली, की पुस्तक बाजरीच्या डब्यात. परीक्षा येत्या रविवारी होती. "आपल्या घरची वहू कचेरीत बसणार नाही," असं सासऱ्यांनी बजावलं होतं आणि रेवाबांनी मान डोलावली होती. त्या मानेचा दक्षाला तिटकारा होता. दिवसभर झोके घ्यायचे, सुपारी चघळायची आणि नवरा बोलेल त्याला डोलायचं. बाईला डोकं म्हणून नाहीच, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दुपारी पाहुणे माडीवर घोरत होते. दक्षाने पुस्तक उघडलं, पण कानावर काहीच येईना. एकच पान तिने चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचताना पानावर सावली पडली. दारात रेवाबा उभ्या होत्या आणि डबा हाताच्या अंतरावर नव्हता.

"परीक्षा रविवारीच ना?"

दक्षाने पुस्तक पदराखाली ओढलं. "बा, मी... ते..."

"मे-मे करू नकोस. रॉकेलचा बोळा घे, स्टुलावर चढ आणि त्या दीडशहाण्याचं ग्रीस पुसून काढ. मग मिठाचं पाणी लाव. चार दिवसांत गंज चढेल."

"पण तुम्हालाच त्या आवाजाचा..."

"मला काय गोड लागतो होय? रोज डोकं उठतं. एरंडेलाचा एक थेंब घातला असता, तर वीस वर्षांपूर्वीच थांबला असता. तेवढं कळायला कंपनी लागत नाही."

दक्षाला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना. रेवाबांनी बोळा स्वतःच रॉकेलात बुडवला आणि तिच्या हातात कोंबला.

"माझी सासू रोज सकाळी कड्यांना एरंडेल घालायची," त्या म्हणाल्या. "झोपाळा कधी वाजला नाही. ती उठली, हे आम्हा सुनांना पाठीत धपाटा बसल्यावरच कळायचं."