गुलालईचं अंगावरचं तोडलं

गुलालईचं अंगावरचं दूध तोडायचं ठरलं, तेव्हा मदिनाच्या हातात जेमतेम आठ दिवस होते.

पोर तिची नव्हे. सफीउल्ला काबूलहून कोल्हापूरला विद्यापीठात शिकायला आला. पाठोपाठ बायको आली, आणि तिकडं राज्य पालटलं तसं दोघांची परतीची वाट बंद झाली. पुढं बायको बाळंतपणात गेली. राजारामपुरीतल्या त्या घरात वर हे, खाली मदिना. फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन तो जिन्यात उभा राहिला, तेव्हा मदिनाचा काशिफ महिन्याचा होता. तिनं काशिफला एका कुशीला सरकवलं आणि दुसरी कूस मोकळी केली.

त्याला दीड वर्ष झालं. दुधानं ती आई झाली, काशिफ भाऊ. तिच्या माणसांत हे नातं रक्ताइतकं पक्कं. पण कॅनडाला जायच्या कागदात दुधाला रकाना नव्हता.

सफीउल्लाच्या तिथल्या बहिणीनं खटपट करून बापलेकीची सोय लावली होती. राहिली होती दिल्लीतली मुलाखत; ती जमली की तिथूनच विमान.

"आपा," सफीउल्ला खाली मान घालून म्हणाला, "कागदावर आई न्हाय असं लिवलंय. ही तिथं अम्मी अम्मी करून रडली, तर सायबाला शंका येईल. फाईल अडकली तर माझा इथला व्हिसा संपतोय. मग काबूल."

इतक्या वर्षांत त्याची मराठी गल्लीसारखी झाली होती. एरवी मदिना त्यावरून हसायची.

"पोरीला घेऊन काबूलला जायचं न्हाय," ती म्हणाली. "मी बघते."

शेजारच्या धोंडुबाईंनी उपाय सांगितला. "कडुलिंबाचा पाला वाट आन् लाव. दोन दिसांत तोंड फिरवंल. आमच्या अमरसिंहाला असंच तोडलं. आता चार भाकरी खातोय आन् माझंच तोंड कडू करतोय."

"आन् काशिफ?"

"त्यालाबी तोड की. एकाला गोड, एकीला कडू, हे बघून पोरगी गप बसंल व्हय?"

दुपारी मदिनानं पाला वाटला, लावला, आणि भिंतीला टेकून बसली. काशिफनं तोंड लावलं, थुंकला आणि भोकाड पसरून दारापर्यंत पळत गेला. गुलालई आली. तिनं चाखलं. तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. तो हिरवा लेप बघत राहिली. मग फ्रॉकचं टोक धरून तो हळूहळू पुसू लागली. पुसून झाल्यावर गाल फुगवून फुंकर घातली. फू, फू. ती जिन्यात पडली की मदिना तिच्या गुडघ्यावर घालायची, तशी.

मदिनानं तिला उचललं, वर नेऊन बापाच्या हातात दिलं, आणि खाली येऊन पुन्हा लेप लावला.

तिसऱ्या दिवशी पोरीनं मागणं सोडलं. दूध मात्र थांबेना. पदराखाली फडक्याच्या घड्या ठेवून मदिना भाकऱ्या थापायची. रोज सकाळी तिला समोर बसवून अम्मीऐवजी मावशी म्हणायला शिकवायची, "मी कोण? खाला. म्हण, खाला." पोर नुसती बघायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "खाला." मदिनानं तिला गुळाचा खडा दिला आणि तोंड धुवायला मोरीत गेली.

आठव्या दिवशी स्टेशनवर गुलालई बापाच्या खांद्यावर झोपलेली होती. उठवू नका, मदिनाच म्हणाली.

चार दिवसांनी दुपारी दिल्लीहून फोन आला.

"आपा, झालं. पास झालो."

"रडली का?"

"न्हाय. सायबानं बाहुली दिली. दुभाष्यानं तिला इचारलं, तुझी अम्मी कुठं हाय?"

"मग?"

"म्हणाली, अम्मी कडू."

चुलीवरचं काहीतरी उतू जात होतं. मदिना हलली नाही.

"त्यांना मराठी येत न्हाय, आपा. मला इचारलं, काय म्हणती. मी म्हणलं, आई न्हाय म्हणती."

"बरं केलंसा," मदिना म्हणाली. "तिकडं थंडी लई असती म्हणं. कानटोपी पिशवीत तळाला ठेवलीया. काढून घाला तिला."

फोन ठेवला. पाट्याच्या कडेला हिरवा चोथा वाळून चिकटला होता. काशिफ आता वाटीनं दूध प्यायचा, पाला वाटायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तिनं पाटा धुतला नव्हता.