पहिल्याच वाराला

अल्बर्टेची फोमची तलवार खांद्याला लागते न लागते तोच राक्षसराजा धाडकन पडला. राक्षसराजा म्हणजे प्रेबेन, एरवी गावातला बेकरीवाला, वजन एकशे दहा किलो.

कुणीच ओरडलं नाही. पोरं शेकोटीकडे वळली. तिथे काठ्यांना गुंडाळलेली कणीक भाजत होती.

"हीच जिंकणार होती," एक मुलगी म्हणाली. "नेहमीचंच."

अल्बर्टेचा बाप एस्किल झाडाला टेकून उभा होता. आठवडाभर पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करायचे आणि रविवारी या जंगलात पोरांच्या लुटुपुटीच्या लढाईत राक्षस व्हायचं, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. इथे पंच नसतो. आपल्याला लागलेले वार आपणच मोजायचे, तिसऱ्याला पडायचं. एवढ्या प्रामाणिकपणावर सगळा खेळ उभा. मार्चमध्ये त्याची बायको गेली. एप्रिलमध्ये त्याने सगळ्या राक्षसांना बाजूला घेऊन सांगितलं, "माझी पोर आली की पहिल्याच वाराला पडा."

"प्रेबेन, तू एकच मोजलास," अल्बर्टे म्हणाली.

"वय झालं गं माझं." पण बोलताना त्याची नजर एस्किलकडे गेली. तिने ती पकडली.

"कधीपासून, बाबा?"

"एप्रिल."

"पुलावरची लढाईपण?"

त्या विजयाची फीत तिने आईच्या थडग्यावर नेऊन बांधली होती. एस्किलने होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, निदान इथं तरी तुझ्या मनासारखं..."

"आई बरी होईल, हेही असंच सांगायचास."

ती प्रेबेनकडे वळली.

"ऊठ. नीट मार."

"लागेल गं."

"लागू दे."

या वेळी प्रेबेनने एस्किलकडे पाहिलं नाही. त्याचा पहिला वार तिच्या मांडीवर बसला. "एक!" ती ओरडली. तिने उलट दोन हाणले. "डावीकडे बघ, डावीकडे!" कुणीतरी किंचाळलं. पोरं धावत आली. शेकोटीवरची कणीक काळी पडली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. दोघंही दोनांवर आले.

मग प्रेबेनची तलवार तिच्या बाहीला नुसती चाटून गेली. इतकी हलकेच, की बघणाऱ्यांना दिसलंही नाही. प्रेबेनलाही कळलं नाही.

"तीन," अल्बर्टे म्हणाली, आणि ओल्या पानांत आडवी झाली.

एस्किल दोन पावलं पुढे झाला आणि थांबला. पडलेल्याला उठवायचं नसतं. ती डोळे मिटून धापा टाकत होती. प्रेबेनने डोक्यावरचा शिंगांचा टोप काढून काखेत घेतला. एस्किलला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना.