पाडव्याचा दुसरा दिवस

मित्रांनो, पाडव्याला गुढीपुढे उभे राहिलात की तुमची नजर वर जाते. तिथे उपडा गडू चमकतो, जरीची साडी झुळझुळते, आणि साखरेच्या गाठीवर तर तुमचा डोळा सकाळपासूनच असतो. ह्या सगळ्याला खालून धरून ठेवणारी जी असते, ती मी. मी एक जुनी बांबूची काठी आहे, काल्हेरच्या आनंदीबाईंच्या घरची.

वर्षातून एकच दिवस मी उभी असते. उजाडताना मला उभं करतात आणि दिवस मावळायच्या आत साखर दाखवून उतरवतात. मग पुन्हा वर्षभर आडवी. म्हणून माझ्या मनात एक प्रश्न कायमचा घर करून बसला. पाडव्याला सगळे नवे कपडे घालतात, गोड बोलतात, वर्षभराच्या गोष्टी ठरवतात, ते मी पाहते. पण दुसऱ्या दिवशी काय होतं? ठरवलेलं लोक खरंच करतात का? मला ते कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

माझा जन्म खारबावचा. आनंदीबाईंच्या माहेरी विहिरीच्या कडेला बांबूचं बेट होतं, त्यात मी वाढले. त्यांचं लग्न झालं त्या वर्षी सासरच्या गुढीच्या काठीला भुंग्यानं पोखरलं होतं. त्यांच्या वडिलांनी बेटातून मला निवडलं. जावयाला, म्हणजे रामूला म्हणाले, "ही ने. सरळ हाय, पेरं लांब हायेत. पोरीचं मन लागंल."

रामूनं मला खांद्यावर घेतलं आणि दोघं काल्हेरला निघाली. मी दोन माणसांएवढी लांब. वाटेत वळण आलं की माझं मागचं टोक कुणाच्या ना कुणाच्या कुंपणात शिरे. एका पाराजवळ कुणीतरी विचारलंच, "काय रं रामू, सासऱ्यानं काठी देऊन धाडला व्हय?"

"हिच्या हातात देणार हाय," रामू म्हणाला. "माझ्या पाठीसाठी." आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसू मला अजून आठवतं.

पहिल्या पाडव्याला मी उभी राहिले तेव्हा समोर भातशेतं होती आणि पलीकडे खाडीचं पाणी चकाकत होतं. पुढच्या एका पाडव्याला शेतात एक पत्र्याचं छप्पर दिसलं. मला वाटलं, कुणीतरी मोठा गोठा बांधला. नंतर तसली छपरं इतकी झाली की खाडी त्यांच्यामागे गेली. मग ट्रकांच्या रांगा आल्या, मग उंच इमारती. तुम्ही हे सगळं हळूहळू होताना पाहता. मला ते एकदम दिसायचं, झोपेतून उठल्यावर घरातलं सामान कुणी हलवलेलं दिसावं तसं.

आनंदीबाईंनी मला फार मानानं ठेवलं. मला कुणी कपडे वाळवायच्या वलणीला बांधलं नाही, माझ्या टोकानं कैऱ्या पाडल्या नाहीत. वर्षभर मी घराच्या आढ्याला, अंधारात टांगलेली असे; खालचं पुसट ऐकू येई, दिसत काही नसे. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या मला खाली काढत, कोमट पाण्यानं धूत, तेलाचं बोट फिरवत, आणि धुता धुता वर्षभराची खबर सांगत. कुणाला मूल झालं, मुलगा भूपेश कितवीत गेला, यंदा लोणचं कसं मुरलं. ज्या वर्षी रामू गेला त्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या धूत राहिल्या. मला सगळं कळलं.

आनंदीबाई नेमधर्माच्या. सकाळी देवाला फूल वाहिल्याशिवाय पाणी घ्यायच्या नाहीत, संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय कुणाशी बोलायच्या नाहीत. शिवाय दर पाडव्याला गुढीला हात जोडून त्या एक नवा नेम धरत. एकदा धरला, जेवायच्या आधी दारच्या कुत्र्याला घास घालायचा. एकदा धरला, कुणाची उणीदुणी ऐकायची नाहीत. नेम फक्त मला सांगत, अगदी हळू. नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य जातं, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. मग पुढच्या वर्षी धुताना हिशेब देत, "पार पडला गो बाय. भूपेशला ताप होता तेवा एक दिवस चुकला तेवडाच."

गेल्या पाडव्याचा नेम मात्र निराळा होता. जुनं घर पाडायचं ठरलं होतं आणि समोरच्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळाली होती. भूपेशचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. जुन्या घरात आनंदीबाई सुनेला, नेत्राला, जरा टोकायच्या. मीठ जास्त झालं, दिवा उत्तरेला ठेव, केर संध्याकाळी काढू नको. नेत्राही उलट बोलायची आणि दोघी नंतर एकत्र बसून चहा प्यायच्या. त्या पाडव्याला आनंदीबाईंनी माझ्या बुडाशी हळद लावली आणि म्हणाल्या, "नवं घर हाय. ते तिचं घर हाय. वरीसभर तिच्या शब्दाला न्हाय म्हणायची न्हाय मी. पुढला पाडवा उगवंपर्यंत."

अक्षय तृतीयेला बिऱ्हाड हललं. कपाटं गेली, देव्हारा गेला, पाटा-वरवंटासुद्धा गेला. मी मात्र लिफ्टमध्ये मावेना. जिन्यानं न्यायला गेले, तर पहिल्याच वळणावर माझं एक टोक भिंतीला आणि दुसरं कठड्याला अडकलं. भूपेश घामाघूम झाला. शेवटी त्यानं मला खाली पार्किंगमध्ये पाण्याच्या आडव्या पाइपाला बांधून ठेवलं. "बघू पाडव्याला," म्हणाला.

पार्किंगमध्ये राहणं मला सुरुवातीला अवघड गेलं. मग कळलं की इथं खबरा पुष्कळ मिळतात. वॉचमन हिरामणकाकांची खुर्ची माझ्या शेजारीच. येणारा जाणारा त्यांच्यापाशी थांबायचा. कापडाच्या लूमवरून शिफ्ट संपवून येणारे तळहातावरची सुताची कुसं झाडत बोलायचे, काही मराठीत, काही हिंदीत. आणि फोनला रेंज चांगली म्हणून नेत्रा खाली येऊन तिच्या माहेरी बोलायची.

तिथं एक दिवस मी हे ऐकलं.

"आई माझ्यावर रागावल्यात गं," नेत्रा फोनवर सासूबद्दल सांगत होती. "काही विचारलं की बरं. पडदे हिरवे लावू? बरं. आज भाजी नको करूया? बरं. आधी कशा बोलायच्या, मीठ जास्त झालं की कान उपटायच्या. आता मीठ जास्त टाकून पण बघितलं मी. गपचूप जेवल्या."

मित्रांनो, मला दोन्हीकडचं ठाऊक होतं. आनंदीबाईंनी सुनेला सुख म्हणून तोंड आवरलं होतं, आणि सुनेला तेच परकं वाटत होतं. मी ओरडून सांगितलं असतं. पण काठीला फक्त उभं राहता येतं, आणि मला तर तेही वर्षातून एकदाच.

यंदाचा पाडवा जवळ आला. पार्किंगमध्ये भाजीची पिशवी उतरवताना नेत्रा म्हणाली, "आई, काठी वर जातच नाही. अर्धी कापूया का? बाल्कनीत नीट बसेल."

आनंदीबाई थांबल्या. त्यांचा हात माझ्यावर आला, तिसऱ्या पेरावर, जिथं पहिल्या दिवशी मी रामूच्या खांद्यावर टेकले होते. कापलेली काठी गुढीला चालत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुटली तर ती खाडीत सोडायची, तिच्यावर गुढी चढवायची नाही. मी वाट पाहत होते.

"बरं," त्या म्हणाल्या.

नेत्राचा चेहरा उतरला. मला वाटतं, तिला वाद हवा होता. वाद मिळावा म्हणूनच तिनं विचारलं असावं. ती पिशवी उचलून लिफ्टकडे गेली.

आदल्या दिवशी दुपारी आनंदीबाई बादली घेऊन खाली आल्या. हिरामणकाका म्हणाले, "आनंदीवयनी, आज कापायची तिला अन् आंघोळ कशाला घालताव?"

"जाणारीला पन न्हाऊ घालतात, हिरामण," त्या म्हणाल्या. काका खुर्ची उचलून गेटकडे गेले.

मग त्या मला धुऊ लागल्या आणि दरवर्षीसारख्या बोलू लागल्या. "ऐक गो बाय. पुन्हा सांगायला मिळायचं न्हाय. वरच्या घरात सकाळचं ऊन पार देव्हाऱ्यापर्यंत येतं. लिफ्टचं मला भ्याव वाटायचं, आता गणपतीचं नाव घेतलं की चौथा माळा येतो. नेत्रानं तांदळाची भाकरी शिकून घेतली. फुगते, माझ्यापेक्षा जास्त फुगते, पन सांगू कशी? सांगाया लागले की तोंडातून दुसरं बी निघंल. पडदे हिरवे लावलेत. डोळ्यांत जातात. न्हाय म्हणाले न्हाय मी. नेम हाय ना. आता तुझ्यावर आला, तरी न्हाय म्हणता येत न्हाय. माफ कर मला. एकच रात्र राहिली होती."

खांबामागून पावलं आली. नेत्रा गरम पाण्याची कळशी घेऊन उभी होती. सासूबाई गार पाण्यानं धुतील म्हणून ती आणायला गेली होती.

"नेम?" तिनं विचारलं.

आनंदीबाई पुन्हा माझं पेर चोळू लागल्या. नेम बोलायचा नव्हता.

"वर्षभर नेम होता? मला नाही म्हणायचं नाही असा?" नेत्रानं कळशी खाली ठेवली. "आणि मी समजत होते, तुम्हाला मी नकोशी झालेय. मी किती रडलेय ह्या खांबाला टेकून, विचारा तुमच्या काठीला."

आनंदीबाईंनी खरंच माझ्याकडे पाहिलं.

"आई, एकदा नाही म्हणा. कापू नको म्हणा."

"न्हाय म्हणता येत," त्या हलकेच म्हणाल्या. "उद्या दिवस उगवंपर्यंत."

तेवढ्यात मोटारसायकल आली. भूपेश मानकोलीच्या गोदामातली ड्युटी संपवून आला होता आणि त्याच्या हातात करवत होती. "चला, धरा एक टोक," तो म्हणाला आणि मला पाइपावरून सोडवू लागला. करवतीचे दात माझ्या पेराला गार लागले.

नेत्रा सासूपुढे येऊन उभी राहिली. ती आता वेगळ्याच सुरात बोलली. "आई, माझा शब्द ऐकायचा ना? मग हा माझा शब्द. मी सांगतेय, तुम्ही भूपेशला नाही म्हणा. आता गप्प राहिलात तर तुमचा नेम मोडला."

आनंदीबाई क्षणभर विचारात पडल्या. मीही पडले. कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी सुनेचं म्हणणं बरोबर होतं.

"न्हाय कापायची," त्या म्हणाल्या. वर्षभरानं निघालेला तो शब्द जरा घोगरा निघाला. मग त्यांनी घसा साफ केला. "न्हाय कापायची, भूपेश. ठेव ती करवत."

"अगं, त्या दिवशी नेत्राला बरं म्हणाली होतीस की. मग वर न्यायची कशी? उडत?"

"तू एवढे गठ्ठे चढवतोस गोदामात," नेत्रा म्हणाली. "एक काठी नाही चढवता येत? बाहेरून घे. दोरीनं."

पाडव्याच्या पहाटे मला दोन ठिकाणी दोरी बांधली. वर बाल्कनीत भूपेश आणि नेत्रा, खाली हिरामणकाका. मी भिंतीच्या कडेनं वर निघाले, आणि मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मी एवढी उत्सुक कधी नव्हते. पहिल्या मजल्यावर लूमवर काम करणाऱ्या माणसाची बायको दूध तापवत होती. तिनं गॅस बारीक केला आणि खिडकीतून हात काढून माझं टोक भिंतीपासून दूर धरलं. "धीरे भैया, धीरे, हमारा गमला है," ती म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर राहणारी करिष्मा कडुनिंबाची पानं वाटत होती आणि वाटता वाटता तोंड वाकडं करत होती. तिनं ओल्या हातानंच मला वर ढकललं, त्याचा हिरवा डाग अजून आहे. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दाढीचा साबण लावलेले बाहेर आले आणि म्हणाले, "आमच्याकडेच थांबवा की तिला, आम्ही पोळी पण देऊ."

दिवस उगवला तेव्हा मी चौथ्या मजल्यावर उभी होते. इतक्या वरून छपरांच्या पलीकडे मला खाडी पुन्हा दिसली. बारीक झाली होती, पण चकाकत होती.

आनंदीबाईंनी हळद लावली, हात जोडले. यंदाचा नेम त्यांनी मोठ्यानं सांगितला, नेत्राला ऐकू जाईल असा. "मनात आलं की बोलायचं. गोड पन आणि कडू पन." मग लगेच म्हणाल्या, "भाकरी तुझी माझ्यापेक्षा बरी होते. आणि ते पडदे काढ."

"पडदे नाही काढणार," नेत्रा म्हणाली आणि हसत आत गेली.

संध्याकाळी मला उतरवलं. आता खाली नेणं नको म्हणून भूपेशनं बाल्कनीच्या छताला दोन कड्या ठोकल्या आणि मला तिथं आडवं टांगलं. रात्र झाली आणि मग, मित्रांनो, मी ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली तो पाडव्याचा दुसरा दिवस उजाडला.

तो अगदी साधा होता. दूध आलं. आनंदीबाईंनी देवाला फूल वाहिलं आणि मग पाणी प्यायल्या. नेत्रा पोळीवर तूप घालत होती. "एवढं तूप घालतात का गो?" आनंदीबाई म्हणाल्या. "सणाचं उरलंय ते संपवायचं नाही का?" नेत्रा म्हणाली. दोघी चहाचे कप घेऊन माझ्याखाली येऊन बसल्या. पडदे हिरवेच होते.

मित्रांनो, तुमच्या घरात वर्षातून एकदाच हाताळली जाणारी एखादी जुनी वस्तू असेल. ती कुठंतरी माळ्यावर, कपाटामागे पडलेली असेल. तिला कापायच्या आधी एकदा कोमट पाण्यानं धुवा. तिच्यापाशी तुमच्या घरातलं कोणी ना कोणी काहीतरी बोललेलं असतं. आणि तिच्यापाशी जे बोलता, ते जमलं तर ज्याच्यासाठी आहे त्याच्यापाशीही बोला. आम्ही जुन्या वस्तू ऐकतो, पण आम्हाला उत्तर देता येत नाही.